'नो ग्रोथ'च्या रिपोर्टमागचे जंतू

धायरीहून एका बाईंनी त्यांच्या ४७ वर्षांच्या ताईबद्दल विचारलंय. कॅन्सरसाठी स्तन काढला आणि त्याच ऑपरेशनमध्ये सिलिकॉनचं इम्प्लांट बसवलं, त्याला पाच आठवडे झाले. तिसऱ्या आठवड्यात टाक्यांच्या कडेला लाली आली, मग पातळ पाणी यायला लागलं. गोळ्यांचे दोन कोर्स संपले. गोळ्या चालू असतानाच घेतलेल्या स्वॅबचा, म्हणजे जखमेवर कापूस फिरवून घेतलेल्या नमुन्याचा, रिपोर्ट आला 'नो ग्रोथ', काहीच उगवलं नाही. आता सर्जन म्हणतात, इम्प्लांट काढावं लागेल. ताईंच्या सासूबाई म्हणतात, पथ्य पाळलं नाही म्हणून झालं. आणि ताई विचारतात, रिपोर्टमध्ये जंतूच नाहीत तर काढायचं कशाला? असतील तर ते आले कुठून?

आधी हे सांगते, की मी सर्जन नाही आणि तुमच्या ताईंना मी पाहिलेलं नाही. पुण्यात हॉस्पिटलच्या मायक्रोबायोलॉजी लॅबमध्ये माझी २६ वर्षं गेली. पू, पाणी, काढलेली इम्प्लांटं, ड्रेनची (जखमेतलं पाणी बाहेर काढणाऱ्या नळीची) टोकं, ऑपरेशन थिएटरातून, म्हणजे ओटीतून, जे काही खाली येतं ते जंतूंचं खाद्य घातलेल्या प्लेटवर पसरायचं आणि दुसऱ्या दिवसापासून काय उगवतंय ते वाचायचं, हे माझं काम. इम्प्लांटचा निर्णय तुमच्या सर्जनचाच. पण 'नो ग्रोथ' या दोन शब्दांबद्दल मी बोलू शकते, कारण असे हजारो रिपोर्ट मीच सही करून वर पाठवलेत.

सासूबाईंचा मुद्दा पहिल्यांदा निकालात काढू. स्तनाच्या ऑपरेशननंतर आमच्याकडे जे जंतू उगवतात, त्यातले बहुतेक पेशंटच्या स्वतःच्या कातडीवरचे असतात. वांगं खाल्लं की नाही, कुणी भेटायला आलं की नाही, याच्याशी त्यांचं काही देणंघेणं नाही. ऑपरेशनआधी क्लोरहेक्सिडीन आणि स्पिरिटनं कातडी पुसतात तेव्हा वरचे जंतू मरतात. केसांच्या मुळाशी, तेलग्रंथींत दडलेले वाचतात आणि ऑपरेशन लांबलं की हळूहळू पुन्हा वर येतात. शिवाय स्तन हा काही बंद डबा नाही. दुधाच्या नळ्या बोंडाशी बाहेर उघडतात. ज्या वाटेनं दूध बाहेर येतं त्याच वाटेनं कातडीवरचे जंतू आत जातात आणि वर्षानुवर्षं काहीही त्रास न देता तिथे राहतात. स्तन काढताना या नळ्या कापल्या जातात. बोंड राखून केलेल्या ऑपरेशनमध्ये तर त्यांची टोकं बोंडाखाली मागेच उरतात. त्यामुळे कितीही काटेकोर ओटी असली तरी इम्प्लांटच्या जागी जंतू अगदी शून्य कधीच नसतात. थोडेसे असतातच. त्या थोड्यांना शरीर आवरतं की नाही, यावर पुढचं सगळं ठरतं.

आणि आवरणं इतकं अवघड का जातं, ते १९५७ सालच्या एका प्रयोगात दिसलं. आज कुठलीही एथिक्स कमिटी तो करू देणार नाही. एलेक आणि कोनेन या दोघांनी लंडनमध्ये स्वयंसेवकांच्या कातडीत स्टॅफिलोकॉकस जातीचे जंतू मोजून टोचले. नुसत्या कातडीत पू व्हायला लाखो जंतू लागले. तिथेच रेशमी टाक्याचा दोरा ठेवला, तर काही शे पुरले. हा झाला एका टाक्याचा हिशेब. इम्प्लांट त्याच्या कितीतरी पट मोठं, गुळगुळीत, आणि त्याच्या आत एकही रक्तवाहिनी नाही. पांढऱ्या पेशी तिथे पोचणार कशा, औषध तरी पोचणार कसं?

इम्प्लांट आत गेलं की त्याचा पृष्ठभाग आधी कोण व्यापतं याची शर्यत लागते. हाडांचे अमेरिकन सर्जन अँथनी ग्रिस्टिना यांनी १९८७ साली ही कल्पना याच शब्दांत मांडली होती. शरीराच्या पेशी आधी पोचल्या तर भोवती पातळ आवरण तयार होतं आणि सगळं ठीक चालतं. जंतू आधी पोचले तर ते चिकटतात, वाढतात आणि स्वतःभोवती एक लिबलिबीत लिंपण घालून घेतात. याला आम्ही बायोफिल्म म्हणतो. मोरीच्या कोपऱ्यातला बुळबुळीत थर किंवा दातांवरचं किटण, त्याच जातीचा प्रकार. किटण चूळ भरून जात नाही, खरवडावं लागतं. बायोफिल्ममधले जंतू सुस्तावल्यासारखे सावकाश वाढतात, आणि बहुतेक अँटिबायोटिकं वाढणाऱ्या जंतूंवरच नीट चालतात. मोकळ्या जंतूला जो डोस मारतो त्याच्या शेकडो पट डोसही लिंपणातल्याला पुरत नाही. ताईंच्या गोळ्यांनी लाली दोनदा कमी झाली असेल आणि गोळ्या संपल्यावर परत आली असेल, तर ही गोष्ट डोळ्यापुढे ठेवा. बाहेर भटकणारे मेले, घरातले राहिले.

पोटाची किंवा पाठीची स्वतःचीच चरबी, स्नायू वापरून स्तन बनवतात त्या फ्लॅपच्या ऑपरेशनमध्ये ही अडचण कमी असते, कारण तो भाग स्वतःचा रक्तपुरवठा घेऊन येतो. तिथे इन्फेक्शन होतंच नाही असं नाही, पण ते बरं करणं सोपं जातं. मात्र फ्लॅपचं ऑपरेशन लांबलचक, दोन जखमा, बरं व्हायला वेळ. कुठलं चांगलं, हा वाद मी सर्जनांवर सोडते.

आता जंतूंकडे येते. इथे मी जरा रेंगाळणार आहे, कारण जंतूचं नाव कळलं की निम्मे निर्णय आपोआप होतात.

सगळ्यांत जास्त दिसतात ते दोन भाऊ. एक स्टॅफिलोकॉकस ऑरियस. ब्लड अगारच्या (रक्त घातलेल्या खाद्याच्या) प्लेटवर याच्या पिवळसर सोनेरी कॉलनी, म्हणजे जंतूंचे ठिपके, येतात, म्हणून 'ऑरियस', सोनेरी. हा आक्रमक. ताप, लालभडक सूज, घट्ट पू, दोन दिवसांत चित्र बदलतं. तीन-चार माणसांतल्या एकाच्या नाकात हा कायम मुक्कामाला असतो, म्हणून काही हॉस्पिटलांत इम्प्लांटच्या ऑपरेशनआधी नाकाचा स्वॅब घेऊन, हा सापडला तर पाच दिवस मुपिरोसिनचं मलम लावायला सांगतात. आपल्याकडची खरी डोकेदुखी म्हणजे याचं एमआरएसए रूप, ज्यावर सेफॅलोस्पोरिन गटातली नेहमीची अँटिबायोटिकं चालत नाहीत. आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या) देशव्यापी पाहणीत अलीकडच्या वर्षांत दर दहा ऑरियसमागे चार किंवा त्याहून जास्त एमआरएसए निघतात. परदेशातल्या वेबसाइटवर वाचलेली गोळी इथे का चालली नाही, याचं उत्तर पुष्कळदा एवढंच असतं.

दुसरा भाऊ एपिडर्मिडिस. जर्मन सर्जन रोझेनबाख यांनी १८८४ साली कॉलनीच्या रंगावरून दोघांना वेगळं केलं तेव्हा याला 'आल्बस', म्हणजे पांढरा, असं नाव मिळालं. पुढे कितीतरी दशकं आमच्या धंद्यातले लोक हा उगवला की 'कातडीवरचा आहे, चुकून आला असेल' म्हणून सोडून द्यायचे. मीही सुरुवातीच्या वर्षांत सोडलाय. इम्प्लांट नसलेल्या माणसात ते बऱ्याचदा बरोबरही असतं. इम्प्लांट असलं की हाच गरीब दिसणारा प्राणी बायोफिल्म बांधण्यात उस्ताद ठरतो. ताप नाही, फारसा पू नाही. थोडं पाणी, थोडी लाली, आठवडेच्या आठवडे. क्युटिबॅक्टेरियम अ‍ॅक्नेस, तोच मुरमांवाला, त्याचं वागणंही असंच. काही जणींमध्ये तर इन्फेक्शन म्हणून काहीच दिसत नाही. वर्ष-दोन वर्षांनी इम्प्लांटभोवतीचं आवरण आवळत जातं, स्तन कडक आणि दुखरा होतो. त्यामागेही या सौम्य जंतूंचा हात असल्याचा पुरावा बऱ्यापैकी आहे.

मग ओलाव्यातले. स्यूडोमोनास प्लेटवर उगवला की झाकण उघडण्याआधीच कळतं, पिकल्या द्राक्षांसारखा गोडसर वास आणि हिरवट रंग. ड्रेसिंगच्या कापसावर हिरवी झाक दिसली तर त्याच दिवशी सर्जनला दाखवा. सिंक, ओलं ड्रेसिंग, बरेच दिवस राहिलेला ड्रेन या त्याच्या आवडीच्या जागा. क्लेब्सिएला आणि ई. कोलाय आपल्याकडे बऱ्यापैकी सापडतात आणि त्यांची सेन्सिटिव्हिटी, म्हणजे कुठलं औषध चालतं त्याचा तक्ता, वाचताना कधीकधी मन खचतं, औषधांच्या यादीपुढे 'आर', 'आर', 'आर'. आर म्हणजे रेझिस्टंट, औषध निरुपयोगी.

आणि शेवटी ज्यांच्यामुळे मी हे उत्तर लिहायला बसले ते. क्षयाच्या जंतूचे चुलतभाऊ, पण क्षय न करणारे: मायकोबॅक्टेरियम फॉर्च्युइटम, अ‍ॅबसेसस, केलोनी. शेवटच्याचं नाव कासवावरून पडलंय, १९०३ साली तो समुद्री कासवांत पहिल्यांदा सापडला. हे पाण्यात राहतात. नळाच्या, टाकीच्या, टँकरच्या. क्लोरीनला सहसा दाद देत नाहीत. दुर्बिणीच्या ऑपरेशननंतर भोकांच्या जागी महिन्याभरानं गाठी येण्याचे प्रकार आपल्या देशात बरेच नोंदले गेलेत. उपकरणं ग्लुटाराल्डिहाइड या जंतुनाशकात बुडवून नंतर साध्या पाण्यात विसळणं, हे त्याचं ठरलेलं कारण. इम्प्लांटच्या जखमेतही हे येतात, आणि त्यांची चाल अशी: ऑपरेशननंतर तीन ते आठ आठवडे सगळं छान, मग हळूच लाली, पातळ पाणी, ताप नाही, नेहमीच्या गोळ्यांना दाद नाही, आणि कल्चर, म्हणजे जंतू प्लेटवर उगवून पाहणं... नो ग्रोथ.

आमच्याकडे एकदा पुरंदर भागातल्या एका बाईंचं असंच पाणी आलं होतं. ४८ तास प्लेट पाहिली, काही नाही, रिपोर्ट गेला. दोन दिवसांनी अनंत चतुर्दशी. लक्ष्मी रस्ता बंद, निम्मे टेक्निशियन सुट्टीवर, जुन्या प्लेट फेकायच्या राहून गेल्या. सुट्टीनंतर इन्क्युबेटर साफ करताना आमच्या लॅबमधल्या एका मुलीनं विचारलं, "मॅडम, ही टाकू का? यावर काहीतरी रवाळ दिसतंय." बारीक, कोरड्या, रव्यासारख्या कॉलनी. झेडएन स्टेन, म्हणजे क्षयाच्या घराण्यातले जंतू ओळखायचा रंग, केला तर लाल काड्या. फॉर्च्युइटम. तोवर त्या बाईंना कुणीतरी बायोप्सीत ग्रॅन्युलोमा (क्षयातही दिसणारी पेशींची बारीक गाठ) आला म्हणून क्षयाच्या गोळ्या चालू केल्या होत्या. ते औषध या जंतूवर चालत नाही. पुढे इम्प्लांट निघालं, जागा खरवडली गेली, सेन्सिटिव्हिटी पाहून दिलेली औषधं कित्येक महिने चालली, आणि त्या बऱ्या झाल्या. शोध लागला त्याचं श्रेय सुट्टीचं. तेव्हापासून इम्प्लांटच्या पाण्याची प्लेट आमच्याकडे ४८ तासांत फेकत नाहीत.

म्हणजे 'नो ग्रोथ'चा अर्थ इतकाच, की पाठवलेल्या नमुन्यातून, दिलेल्या वेळात, वापरलेल्या प्लेटवर काही उगवलं नाही. ताईंच्या बाबतीत तीन गोष्टी मला लगेच दिसतात. नमुना घेतला तेव्हा गोळ्या चालू होत्या. अशा वेळी जंतू जिवंत असला तरी प्लेटवर मान वर काढत नाही. दुसरं, स्वॅब. जखमेच्या तोंडावर कापूस फिरवून वरचं पाणी मिळतं, इम्प्लांटभोवतीचं नाही. सोनोग्राफीखाली सुई घालून आतलं पाणी काढलं तर ते शंभर स्वॅबच्या तोडीचं. तिसरं, वेळ. अ‍ॅक्नेसला १४ दिवस द्यावे लागतात, आणि पाण्यातल्या मायकोबॅक्टेरियाची तर वेगळी कल्चर मागावी लागते. न मागता कुणी करत नाही, कारण खर्च आणि जागा दोन्ही लागतात. चौथी गोष्ट ताईंना लागू नसेल, पण बोलल्याशिवाय राहवत नाही. काढलेलं इम्प्लांट किंवा आवरणाचा तुकडा आजही कधीकधी आमच्याकडे फॉर्मलिनच्या बाटलीत येतो. फॉर्मलिन, तुकडा टिकवायचं रसायन, ते पॅथॉलॉजीसाठी, म्हणजे सूक्ष्मदर्शकाखाली तुकडा पाहणाऱ्यांसाठी. त्यात पडलेला जंतू मेला, आता त्याची कल्चर ब्रह्मदेवही करू शकणार नाही. एका मोठ्या हॉस्पिटलातून एका आठवड्यात असे तीन नमुने आले तेव्हा मी फोनवर जे बोलले ते इथे लिहिण्यासारखं नाही.

लाली म्हणजे इन्फेक्शनच, असंही नाही, हेही सांगायला हवं. आत बसवलेल्या जैविक जाळीमुळे किंवा रेडिएशनमुळे कातडी लाल होते, ती गरम नसते, दुखत नाही, वाढत जात नाही. पण पाच आठवड्यांनी टाक्यांतून पाणी झिरपतंय म्हटल्यावर मी तरी त्या आशेवर बसणार नाही. बाहेरून आतपर्यंत वाट उघडलेली आहे.

मग काढायचं का? इम्प्लांट वाचवण्याचे प्रयत्न होतात. शिरेतून औषध, जागा धुऊन, आवरण खरवडून, नवं इम्प्लांट. जंतू एपिडर्मिडिससारखा सौम्य असेल, रेडिएशन झालेलं नसेल, कातडी चांगली असेल तर बऱ्याच जणींचं वाचतं. ऑरियस, स्यूडोमोनास किंवा पाण्यातला मायकोबॅक्टेरियम असेल तर शक्यता घटते, आणि शेवटच्यात तर काढल्याशिवाय बरं होणं दुर्मीळ. ताईंच्या सर्जननं तुम्हाला कदाचित नीट सांगितलं नसेल असं एक कारण मला दिसतं: केमो किंवा रेडिएशन बाकी असेल तर उघड्या इन्फेक्शनवर ते चालू करता येत नाही, आणि ते लांबवणं कॅन्सरच्या दृष्टीनं धोक्याचं. इथे माझं मत स्पष्ट आहे. इम्प्लांट परत बसवता येतं, साधारण तीन ते सहा महिन्यांनी, किंवा त्याऐवजी फ्लॅप करता येतो. केमोचा हुकलेला काळ परत मिळत नाही.

कुणाचा दोष, हा प्रश्न ताई स्वतःला विचारतायत असं तुम्ही लिहिलंय. स्तन काढल्यावर वरची कातडी पातळ उरते आणि तिच्या बऱ्याच रक्तवाहिन्या कापलेल्या असतात. तिच्या कडेला रक्त कमी पडलं की ती काळवंडते आणि जंतूंना दार मिळतं. साखर वाढलेली असणं, वजन, आधीचं रेडिएशन, यांनी हे अजून बिघडतं. आणि तंबाखू. आमच्याकडच्या बायका "मी सिगारेट ओढत नाही" असं अगदी खरं सांगतात आणि रोज सकाळी मशेरी लावतात. निकोटिन ते निकोटिनच, कातडीच्या बारीक रक्तवाहिन्या आवळणारं. ताई लावत असतील तर पुढच्या ऑपरेशनच्या निदान महिनाभर आधी पूर्ण बंद, आणि हे सर्जनला लाजत न सांगता सांगायचं. या गोष्टींमुळे शक्यता वाढते. ज्यांच्यात यातलं काहीच नव्हतं अशांचीही इम्प्लांटं मी प्लेटवर घेतलीत. सौंदर्यासाठी इम्प्लांट बसवलेल्या शंभर जणींत एक-दोघींना इन्फेक्शन होतं; कॅन्सरनंतरच्या पुनर्रचनेत त्याच्या कित्येक पट, जगातल्या उत्तम सेंटरांतही.

'अँटिबायोटिक लवकर बंद केलं म्हणून झालं का', असंही विचारलंय. बॉस्टनच्या बर्क यांनी १९६१ साली गिनीपिगवर दाखवलं, की औषध चिरेच्या आधी रक्तात असलं तर काम करतं, जंतू शिरल्यावर तीन तासांनी दिलं तर न दिल्यासारखंच. म्हणून सेफाझोलिन हे अँटिबायोटिक चिरेच्या आधीच्या तासाभरात देतात. नंतर दहा-दहा दिवस चालू ठेवण्याची आपल्याकडची सवय जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१६ च्या मार्गदर्शनात बसत नाही. ड्रेन आहे तोवर औषध, असं बरेच प्लास्टिक सर्जन करतात. त्यांची भीती मला समजते, पण त्यातून मागे उरतात ते औषधाला न जुमानणारे जंतू, आणि ते वाचायची पाळी माझ्यावर येते. मी पिंपरीत वाढले. १९५४ साली तिथे सरकारनं हिंदुस्तान अँटिबायोटिक्स उभारली तेव्हा पेनिसिलिन म्हणजे अमृत होतं, आख्खी वसाहत त्यावर जगली. त्याच गावातून आज माझ्याकडे असे नमुने येतात ज्यांच्यावर पेनिसिलिन सोडा, त्याच्या नातवंडांचंही काही चालत नाही.

आता करायचं काय. ताईंना ताप, थंडी वाजणं, झपाट्यानं वाढणारी लाली यातलं काही असेल तर हे वाचणं थांबवा आणि आज रात्रीच हॉस्पिटलात जा. नसेल तर सर्जनना विचारा, की नवी गोळी चालू करण्याआधी सोनोग्राफीखाली आतलं पाणी काढता येईल का. गोळ्या चालू असतील तर त्या काही दिवस थांबवून नमुना घ्यायचा का हे तेच ठरवतील, तुम्ही आपल्या मनानं थांबवू नका. तोवर जखमेवर हळद नाही, खोबरेल नाही, टाकीचं पाणी नाही. आंघोळ करताना तो भाग कोरडा ठेवायचा. इम्प्लांट काढायचं ठरलं, तर ऑपरेशनच्या आदल्या दिवशीच बोलून ठेवा: पाणी, आवरणाचे निदान तीन-चार वेगवेगळ्या जागचे तुकडे आणि इम्प्लांट, कोरड्या निर्जंतुक डब्यांत, ताबडतोब लॅबला. फॉर्मलिनमध्ये फक्त पॅथॉलॉजीचा तुकडा. फॉर्मवर 'ब्रेस्ट इम्प्लांट' असं ठळक लिहायला सांगा आणि खाली तीन मागण्या: नेहमीची कल्चर, १४ दिवसांची कल्चर, मायकोबॅक्टेरियाची कल्चर. मायकोबॅक्टेरिया निघाला तर जात कोणती ते कळल्याशिवाय क्षयाच्या गोळ्या चालू करू देऊ नका. आणि तिसऱ्या दिवशी 'नो ग्रोथ' आला, तर लॅबला फोन करून विचारा की प्लेट अजून आहे की टाकली. आमच्यासारख्यांना अशा फोनचा राग येत नाही.